एचआयव्ही प्रतिबंधक गोळी आणि आरोग्य विमा : बेळगाव सीमाभागातील नवख्यांसाठी मार्गदर्शन

'प्रेप' या एचआयव्ही प्रतिबंधक गोळीची चिठ्ठी घेऊन बेळगावच्या खडेबाजारातील किंवा निपाणीतील औषधाच्या दुकानात पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाच्या मनात दोन प्रश्न असतात. ही गोळी रोज घ्यायची तर दर महिन्याचा पैसा कोठून आणायचा, आणि घरात जो मेडिक्लेम आहे त्याचा येथे काही उपयोग होईल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच सांगितलेले बरे. रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देणारा आपल्याकडचा नेहमीचा आरोग्य विमा या गोळीचा खर्च देत नाही. परंतु ओपीडीचा, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा, खर्च देणाऱ्या पॉलिसी, नोकरीतून मिळणारा गट विमा, ईएसआय ही कामगारांची विमा योजना आणि माजी सैनिकांची ईसीएचएस योजना हे चार मार्ग तपासून पाहण्यासारखे आहेत, आणि यांपैकी कोणत्याही मार्गाने गेले तरी दाव्याचे यश एकाच गोष्टीवर अवलंबून असते : संबंधित व्यक्ती एचआयव्ही निगेटिव्ह आहे आणि औषध प्रतिबंधासाठी दिलेले आहे, हे कागदावर निःसंदिग्ध लिहिलेले असले पाहिजे.

प्रथम दोन सारख्या वाटणाऱ्या शब्दांतील फरक समजून घ्यावा. 'प्रेप' म्हणजे संसर्गाची शक्यता येण्यापूर्वीपासून घ्यायचे औषध. यात सहसा टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम यांची एकत्रित गोळी दिली जाते. 'पेप' म्हणजे संसर्गाची शक्यता घडून गेल्यानंतर घ्यायचे औषध. ते लवकरात लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते आणि २८ दिवस घ्यावे लागते. पेपची गरज असलेल्या व्यक्तीने विम्याचा विचार त्या दिवशी बाजूला ठेवावा. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, उत्तराची वाट पाहण्यात एक रात्र गेली तरी औषधाचा गुण कमी होतो. बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलमधील, म्हणजे बिम्समधील, एआरटी केंद्र (एचआयव्हीवरील औषधोपचाराचे केंद्र) किंवा तातडीचा विभाग गाठावा आणि कागदपत्रांचे नंतर पाहावे. रुग्णालयात काम करताना सुई टोचलेल्या परिचारिकेला, प्रयोगशाळा तंत्रज्ञाला किंवा सफाई कर्मचाऱ्याला पेप पुरवणे ही २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायद्यातील कलम १९ नुसार त्या संस्थेचीच जबाबदारी आहे. त्यासाठी कर्मचाऱ्याने स्वतःचा विमा वापरण्याचे कारण नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य प्रथमोपचार करणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ ने बंधनकारक केले आहे.

येथून पुढचे विवेचन मुख्यतः प्रेपविषयी आहे.

इंटरनेटवर शोध घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. "प्रेप विम्यातून मोफत मिळते" असे सांगणारी बहुतेक माहिती अमेरिकेची असते. तेथे २०१९ साली प्रतिबंधक सेवांच्या राष्ट्रीय कार्यदलाने प्रेपला 'ए' श्रेणीची शिफारस दिली, आणि तेथील कायद्यानुसार अशी शिफारस मिळालेली सेवा बहुतेक खासगी विमा कंपन्यांना ग्राहकाकडून वेगळे पैसे न घेता द्यावी लागते. भारतात असा कायदा नाही. त्या माहितीच्या भरवशावर येथील विमा कंपनीशी वाद घालण्यात वेळ फुकट जातो, आणि खरोखर उपयोगी पडणारे आपले नियम मात्र वापरायचे राहून जातात.

पहिली पायरी : वैद्यकीय कागद नीट तयार करणे

विमा कंपनीकडे जाण्याआधी डॉक्टरांकडचे काम पूर्ण झालेले असावे. प्रेप सुरू करण्यापूर्वी एचआयव्हीची चाचणी निगेटिव्ह असणे आवश्यक असते, मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी क्रिएटिनिन तपासावे लागते आणि हिपॅटायटिस बी व गुप्तरोग यांच्या चाचण्या केल्या जातात. यांतील हिपॅटायटिस बीची चाचणी कोणीही टाळू नये. टेनोफोव्हिर त्या विषाणूवरही काम करते, त्यामुळे तो संसर्ग अंगात असताना गोळी अचानक बंद केल्यास यकृताचा त्रास उफाळून येऊ शकतो. एचआयव्हीची चाचणी सरकारी आयसीटीसी (समुपदेशन व चाचणी) केंद्रात विनामूल्य, समुपदेशनासह आणि आपल्या संमतीनेच होते. बेळगाव शहराप्रमाणेच तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांतही ही केंद्रे असतात. आपल्याला जवळचे केंद्र कोणते, हे १०९७ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विचारता येते आणि या क्रमांकाला पैसे पडत नाहीत. दारावरचा फलक कन्नडमध्ये असला म्हणून बिचकू नये. आपल्या भागात समुपदेशकाशी मराठीत बोलण्याची विनंती करण्यात काहीच वावगे नाही, कारण संमती द्यायची तर समोरचा काय सांगतो आहे ते पुरते कळले पाहिजे.

आता चिठ्ठीविषयी. माझ्या मते अर्धे दावे येथेच बिघडतात. टेनोफोव्हिर हे औषध एचआयव्हीच्या उपचारातही वापरले जाते. चिठ्ठीवर केवळ औषधाचे नाव असेल तर दावा तपासणारा माणूस ही व्यक्ती एचआयव्हीबाधित आहे असे गृहीत धरतो, आणि एकदा तशी नोंद संगणकात गेली की ती काढून घेण्यासाठी महिनोन्महिने पत्रव्यवहार करावा लागतो. माझ्या ओळखीच्या, खानापूर तालुक्यातील एका तरुणाला पुण्यातील नोकरीच्या गट विम्यातून आलेल्या उत्तरात तो बाधित असल्याचे गृहीत धरून दावा नाकारला गेला होता. त्याचा एचआयव्ही अहवाल निगेटिव्ह होता, पण तो दाव्याला जोडलेलाच नव्हता. म्हणून डॉक्टरांना विनंती करून चिठ्ठीवर किंवा वेगळ्या पत्रावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : अमुक तारखेला एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली आहे, हे औषध संसर्ग टाळण्यासाठी दिले आहे, आणि ते वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे. रोगसंकेतांक, म्हणजे आजारासाठी ठरवून दिलेला क्रमांक, लिहिण्याची पद्धत असेल तर तो कोणता लिहिला आहे हेही पाहावे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'झेड २०.६' हा संकेतांक एचआयव्हीशी संपर्क किंवा संपर्काची शक्यता यासाठी आहे, 'झेड २१' हा लक्षणे नसलेल्या बाधित व्यक्तीसाठी आहे आणि 'बी २०' ते 'बी २४' हे एचआयव्हीजन्य आजारासाठी आहेत. संगणकावर घाईने चुकीचा संकेतांक निवडला गेला असेल तर दावा पाठवण्यापूर्वीच तो दुरुस्त करून घ्यावा.

सीमाभागात आणखी एक अडचण वारंवार येते. एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाने, आधार कार्डावर कन्नड वळणाने आणि पॉलिसीवर एजंटाने लिहिले त्या इंग्रजी स्पेलिंगने असते. गावाचेही कोठे 'बेळगाव' तर कोठे 'बेळगावी' असे दोन प्रकार असतात. शहराच्या नावातील फरक सहसा आड येत नाही, परंतु चिठ्ठी, बिल आणि प्रयोगशाळेचा अहवाल या तिन्हींवर आपले नाव पॉलिसीवर आहे तसेच अक्षरशः लिहून घ्यावे.

दुसरी पायरी : आपल्याकडे नेमका कोणता विमा आहे ते ओळखणे

शिधापत्रिकेच्या आधारे मिळणाऱ्या सरकारी योजनांचा विचार आधी करून तो बाजूला ठेवता येतो. कर्नाटकातील आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटक सरकारने त्याला आक्षेप घेतला, हा वाद आपल्याकडे सर्वांना परिचित आहे. तीही योजना ठरावीक शस्त्रक्रिया व उपचारांची असल्याने दुकानातून घ्यायच्या रोजच्या गोळीसाठी तिचा उपयोग नाही. 'आरोग्य संजीवनी' ही सर्व कंपन्यांकडे सारख्याच अटींनी मिळणारी पॉलिसी दाखल होण्यापूर्वीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा औषधखर्च देते, पण तो दाखल होण्याशी निगडित असावा लागतो.

उद्यमबागेतील फाउंड्री किंवा अन्य कारखान्यात काम करणाऱ्या आणि महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराने मात्र सर्वांत आधी ईएसआयकडे पाहावे. ही योजना बाह्यरुग्ण औषधोपचारही देते आणि कुटुंबीयांनाही देते. त्यासाठी कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के व मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. म्हणजे ही सवलत कोणाची मेहेरबानी नाही, कामगाराने पैसे भरून मिळवलेला हक्क आहे. आपल्या नावाशी जोडलेल्या ईएसआय दवाखान्यातील वैद्यकीय अधिकाऱ्याला अहवाल व डॉक्टरांचे पत्र दाखवून औषधाची लेखी मागणी करावी आणि त्या अर्जाची पोच घ्यावी. औषध शिल्लक नाही असे सांगितल्यास तेही लेखी मागावे, कारण पुढे बाहेरून घेतलेल्या औषधाच्या परताव्याची मागणी त्याच कागदावर उभी राहते. मराठा लाइट इन्फंट्रीमुळे आपल्या भागात माजी सैनिकांची घरे मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी व त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांनी बेळगावच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधील डॉक्टरांमार्फतच चिठ्ठी घ्यावी. बाहेरच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आधी खरेदी आणि मग परतावा, असा उलटा क्रम ठेवल्यास अडचण येते.

पुणे, गोवा किंवा बेंगळुरूला नोकरी करणाऱ्यांनी कंपनीच्या गट विम्याचे पत्रक मागवून त्यात 'ओपीडी' हा शब्द शोधावा. हा विमा देशभर चालतो. त्यामुळे गडहिंग्लज किंवा कोल्हापुरात डॉक्टरांना दाखवले आणि औषध बेळगावात घेतले, म्हणून दावा नाकारता येत नाही. स्वतः घेतलेल्या पॉलिसीत ओपीडीचे जोडसंरक्षण (जादा हप्ता भरून मूळ पॉलिसीला जोडलेले संरक्षण) असेल तर तेही याच पद्धतीने वाचावे.

तिसरी पायरी : ओपीडीच्या अटीतील शब्द वाचणे

ही पायरी सावकाश करावी. बहुतेक पॉलिसी 'आजार किंवा इजा' यांवरील खर्च देण्याचे वचन देतात. प्रेप घेणारी व्यक्ती आजारी नसते, आणि हेच कारण पुढे करून कंपनी पैसे नाकारू शकते. ओपीडीच्या कलमात 'नोंदणीकृत डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे' असे शब्द असतील तर आपली बाजू मजबूत आहे. 'आजाराच्या उपचारासाठीची औषधे' असे असेल तर दावा कठीण आहे हे मान्य करून पुढचा हिशेब करावा. काही पॉलिसींत डॉक्टरांची फी आणि तपासण्या मिळतात, औषधे मिळत नाहीत. अशा वेळी दर तीन महिन्यांच्या तपासण्यांचा खर्च जरी भरून निघाला तरी त्याला कमी लेखू नये. 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी जीवनसत्त्वे व पूरक पदार्थ' वगळणारी अट जवळजवळ सर्वत्र असते. प्रेप चिठ्ठीवरच मिळणारे औषध असल्यामुळे ही अट तिला लागू पडत नाही, आणि कोणी ती लावली तर हेच उत्तर द्यावे.

इंग्रजी पॉलिसी वाचणे जड जात असेल तर ग्राहक माहिती पत्रक मागावे. १ जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांना हे पत्रक सोप्या भाषेत व ठरलेल्या नमुन्यात द्यावे लागते, आणि ग्राहकाने मागितल्यास स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावे लागते. मराठी प्रत हवी असल्यास ईमेलने, म्हणजे पुरावा राहील अशा रीतीने मागावी.

नवे जोडसंरक्षण केवळ या गोळीसाठी घ्यावे का, हे आकडेमोडीने ठरवावे. समजा, त्याचा वार्षिक हप्ता ६,००० रुपये आहे आणि औषधांसाठीची मर्यादा वर्षाला ५,००० रुपये आहे. अशा वेळी दावा पूर्ण मंजूर झाला तरी १,००० रुपये पदरचेच जातात, आणि हेच पैसे थेट औषधाला वापरणे शहाणपणाचे ठरते. मर्यादा १५,००० रुपये असेल तर गणित बदलते. दुकानदाराला कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावाने किंमत विचारावी, कारण त्याच मिश्रणाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांच्या दरांत फरक असतो. पॉलिसी हाती आल्यावर अटी पटल्या नाहीत, तर ती परत करण्यासाठी ३० दिवस मिळतात.

चौथी पायरी : अर्जात खरे लिहिणे

नवी पॉलिसी घेताना 'आपण कोणते औषध नियमित घेता का' असा प्रश्न असतो. एजंट "कशाला लिहिता" असे सुचवतो, आणि लाजेपोटी अनेक जण तो रकाना कोरा ठेवतात. मी कळकळीने सांगतो की असे करू नये. लपवलेली माहिती पुढे उघडकीस आली तर प्रेपचाच नव्हे, हृदयविकाराचा किंवा अपघाताचा मोठा दावाही धोक्यात येऊ शकतो. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर फसवणुकीखेरीज अन्य कारणाने दाव्यावर आक्षेप घेता येत नाही, पण त्याआधीची पाच वर्षे थोडी नसतात. 'एचआयव्ही संसर्ग आहे का' या प्रश्नाला 'नाही' हेच खरे उत्तर आहे. नियमित औषधाच्या रकान्यात मात्र औषधाचे नाव, 'प्रतिबंधासाठी' हा शब्द आणि शेवटच्या निगेटिव्ह चाचणीची तारीख लिहावी. भरलेल्या अर्जाची प्रत स्वतःकडे ठेवावी, कारण एजंटाने प्रत्यक्षात काय भरले हे त्याच प्रतीवरून कळते.

ज्यांचा जोडीदार एचआयव्हीबाधित आहे त्यांच्यासाठी २०१७ चा कायदा विशेष महत्त्वाचा आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या या कायद्यात बाधित व्यक्तीबरोबरच तिच्यासोबत राहणारी व्यक्तीही 'संरक्षित व्यक्ती' मानली आहे, आणि विमाशास्त्रीय, म्हणजे जोखमीच्या आकडेवारीच्या, अभ्यासाचा आधार नसताना अशा व्यक्तीला विमा नाकारणे किंवा विम्यात अन्याय्य वागणूक देणे हा भेदभाव ठरवला आहे. म्हणजे नवरा बाधित आहे एवढ्याच कारणावरून निगेटिव्ह असलेल्या पत्नीचा अर्ज फेटाळता येत नाही. अशा जोडप्यांनी हेही डॉक्टरांकडून समजून घ्यावे की बाधित जोडीदार एआरटी केंद्रातील मोफत उपचार नियमित घेत असेल आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजता न येण्याइतके खाली टिकून असेल, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. अनेकदा उपचाराचे पहिले काही महिने पार पडेपर्यंतच प्रेपची गरज असते, आणि मग दीर्घकाळच्या विम्याचा प्रश्नच उरत नाही.

पाचवी पायरी : दावा पाठवणे, आणि त्याआधी घराचा विचार करणे

एकत्र कुटुंबाची एकच 'फॅमिली फ्लोटर' पॉलिसी असेल तर दाव्याचे सर्व संदेश पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याला जातात. तो वडील असेल, थोरला भाऊ असेल किंवा सासरे असतील. औषधाच्या नावासह आलेल्या एका संदेशाने घरात जे घडू शकते, त्याची भरपाई कोणताही विमा करीत नाही. म्हणून दावा करण्यापूर्वी कंपनीकडे कोणता मोबाइल क्रमांक व ईमेल नोंदलेला आहे ते पाहावे. घरात ही गोष्ट सांगण्याची तयारी नसेल तर दावा न करता स्वतः खर्च करणे किंवा स्वतःच्या नावाची वेगळी पॉलिसी घेणे, हे निर्णय अगदी योग्य आहेत. नोकरीच्या गट विम्यात एचआरला दाव्याचा तपशील दिसतो का, हे टीपीएला आधी विचारावे, आणि कार्यालयाच्या ईमेलऐवजी खासगी ईमेलवरून व स्वतःच्या लॉगिनवरून कागद पाठवावेत.

दाव्याबरोबर चिठ्ठी, डॉक्टरांचे पत्र, निगेटिव्ह अहवाल आणि औषधाचे पक्के बिल जोडावे. बिलावर रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषधाचा बॅच क्रमांक व मुदत, दुकानाचा परवाना क्रमांक आणि तारीख असावी. साध्या कागदावर आकडा लिहून दिलेली पावती चालत नाही. चिठ्ठीची तारीख बिलाच्या तारखेनंतरची नसावी. पॉलिसीत दिलेली मुदत संपण्याआधी कागद पोहोचवावेत आणि पाठवलेल्या प्रत्येक पानाचा फोटो ठेवावा.

सहावी पायरी : नकार आल्यास

नकार लेखीच घ्यावा. २०२४ च्या नियमांनुसार दावा पुनर्विलोकन समितीच्या मान्यतेशिवाय कंपनीला दावा फेटाळता येत नाही, आणि फेटाळताना पॉलिसीतील नेमकी कोणती अट लागू केली हे सांगावे लागते. पत्रात अट नसेल तर प्रथम तीच मागावी. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावे आणि विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर मान्य नसेल, तर विमा लोकपालाकडे जाता येते. कर्नाटकासाठी हे कार्यालय बेंगळुरूला आहे. अंतर ऐकून घाबरू नये. तक्रार ऑनलाइन करता येते, सुनावणी व्हिडिओद्वारे होऊ शकते, शुल्क नाही आणि वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, पण एकाच तक्रारीसाठी दोन्ही दारे एकाच वेळी ठोठावता येत नाहीत.

तक्रार लिहिताना 'आजार नाही' या आक्षेपाचे उत्तर पॉलिसीच्याच शब्दांनी द्यावे. ओपीडी कलमातील ओळ जशीच्या तशी उतरवावी, खाली डॉक्टरांचे 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक' हे वाक्य उतरवावे, आणि मध्ये आपल्या दुःखाची किंवा रागाची भर घालू नये. राग योग्यच असतो, पण निकाल देणारा माणूस त्या दोन ओळी शेजारी शेजारी पाहून निकाल देतो.

दावा मंजूर झाल्यावरही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी करावी लागते, आणि प्रत्येक नव्या दाव्याला ताजा निगेटिव्ह अहवाल जोडावा लागतो. जुन्या अहवालावर नवे बिल पाठवू नये. अनेक पॉलिसींत वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मिळते, तीत क्रिएटिनिन असेल तर ती या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावी. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना प्रतिबंधात्मक तपासणीवरील ५,००० रुपयांपर्यंतचा खर्च आरोग्य विम्यावरील प्राप्तिकर वजावटीच्या एकूण मर्यादेत दाखवता येतो. पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर दीड-दोन महिने आधीच लिहून ठेवावी, म्हणजे ओपीडीची अट बदलली आहे का हे वाचायला आणि गरज पडल्यास दुसऱ्या कंपनीकडे पॉलिसी वर्ग करायला पुरेसा अवधी हाताशी राहतो.